आकाशात दोन मिनिटं, जमिनीवर दीड तास : करंजाहून चिपी-मोपाचा खरा हिशोब

करंजा : धक्क्यावर उभं राहिलं की समोर रेवस दिसतं. मधे दोन-अडीच किलोमीटर पाणी. लाँच मिळाली तर पंधरा-वीस मिनिटांत माणूस पलीकडे. लाँच चुकली, खाडी खवळली किंवा सोबत गाडी असली, की हेच रेवस सत्तर-ऐंशी किलोमीटरवर जातं. उरण, पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग करत वळसा घालावा लागतो. अंतर कशाला म्हणायचं, हे करंजाच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

तरीही विमानाचा विषय निघाला की सगळेच फसतात. "नवी मुंबईहून सिंधुदुर्ग किती लांब?" असं मोबाइलवर विचारलं की तीनशेपस्तीसच्या आसपास किलोमीटर असं उत्तर येतं. काही ठिकाणी पुढे "उड्डाणाचा वेळ ५० मिनिटं" असंही लिहिलेलं असतं. मग हिशोब मांडला जातो : पन्नास मिनिटांत चिपी, तिथून अर्ध्या तासात मालवण, सकाळी निघालं की न्याहारीला घरी. उरण, जेएनपीए, ओएनजीसी, नौदलाचं शस्त्रागार या पट्ट्यात नोकरीसाठी आलेली तळकोकणातली कुटुंबं कमी नाहीत. गणपती, शिमगा, मे महिना, शिवाय मयत-लग्नाची अचानक धावपळ. त्यांच्यासाठी हा पन्नास मिनिटांचा आकडा म्हणजे खर्चाचा, रजेचा आणि कधी कधी अंत्यदर्शन मिळणार की नाही याचा प्रश्न असतो.

म्हणून हा आकडा एकदा सोलून बघायला हवा.

मोबाइलवर दिसतं ते दोन विमानतळांमधलं सरळ अंतर. नकाशावर दोरी ताणून धरावी तसं, फक्त पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं. वैमानिक ते सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. करंजाच्या तांडेलाला हे माप नवीन नाही, राज्याची मासेमारीची हद्द १२ सागरी मैलांची आहे हे त्याला पाठ आहे. नवी मुंबई ते चिपी अंदाजे १८० सागरी मैल. मुंबईच्या जुन्या विमानतळावरून हेच अंतर थोडं जास्त, साधारण ३५० किलोमीटर भरतं, कारण सहार थोडं उत्तरेला आणि पश्चिमेला आहे.

म्हणजे विमानतळ सहारऐवजी उलव्याला आल्याने आकाशात वाचले पंधरा किलोमीटर. विमानाच्या वेगाने ही जेमतेम दोन मिनिटं. या दोन मिनिटांसाठी कुणी आनंदाने उड्या मारणार नाही. खरी बचत वेगळीच आहे आणि ती कुठल्याही संकेतस्थळावर दिसत नाही.

तिकिटावरचा वेळ म्हणजे काय?

दुसरा गोंधळ "उड्डाणाच्या वेळे"चा. बरीचशी संकेतस्थळं हा वेळ सरळ भागाकाराने काढतात. अंतराला ताशी आठशे किलोमीटरने भागायचं, वर अर्धा तास चढ-उतारासाठी धरायचा, झालं उत्तर तयार. पण चिपीला ताशी आठशे किलोमीटर वेगाचं जेट गेलं पाहिजे ना! मुंबई-सिंधुदुर्ग मार्गावर ९ ऑक्टोबर २०२१ ला सेवा सुरू झाली तेव्हा अलायन्स एअरचं एटीआर विमान होतं. पंखे असलेलं, सत्तर आसनांचं. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. त्या वेळच्या वेळापत्रकात मुंबईहून सकाळी ११ वाजून ३५ मिनिटांनी सुटून दुपारी १ ला चिपी असं होतं. म्हणजे एक तास पंचवीस मिनिटं.

साडेतीनशे किलोमीटर पाचशेच्या वेगाने कापायला बेचाळीस मिनिटं लागतात. मग उरलेली त्रेचाळीस मिनिटं गेली कुठे?

विमान कंपनीच्या वेळापत्रकातला वेळ हवेतला नसतो. विमान जागेवरून मागे ढकललं जातं तेव्हा घड्याळ सुरू होतं आणि पोचल्यावर चाकांना अडसर लागतो तेव्हा थांबतं. मधे धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, उंची गाठताना कमी वेगाने चढणं, उतरताना वेग कमी करणं, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे वळसा घालून धावपट्टीसमोर येणं हे सगळं त्यात धरलेलं असतं. शिवाय कंपन्या वर थोडी पदरची मिनिटंही टाकतात, नाहीतर रोजचं विमान रोज उशिरा म्हणून नोंदलं जाईल. मुंबईसारख्या ठिकाणी ही पदरची मिनिटं जास्त. तिथे धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी कामाची एकच. तासाला चाळीसच्या वर विमानं त्या एका पट्टीवरून चढ-उतार करतात. मुंबईवर घिरट्या घालत बसलेलं विमान हा अनेकांनी घेतलेला अनुभव आहे.

अंतर आणि वेळ यांचा सांधा किती ढिला आहे, हे बघायला मोपाचं उदाहरण चांगलं. गोव्याचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ पेडणे तालुक्यात, सिंधुदुर्गच्या सीमेला लागून आहे. तिथून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. नवी मुंबईहून मोपा सरळ रेषेत साधारण ३७० किलोमीटर, म्हणजे चिपीपेक्षा पस्तीस किलोमीटर लांब. पण मोपाला जेट जातं. त्यामुळे तिकिटावरचा वेळ साधारण सव्वा तासाचा, एटीआरने चिपीला जायला लागतो तेवढाच किंवा थोडा कमीच. लांबचं ठिकाण जवळ आणि जवळचं ठिकाण लांब, असा हा प्रकार. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गच्या माणसाने मोपालाच उतरावं. तिथून सावंतवाडी पाऊण तासाच्या आत-बाहेर. मालवण, वेंगुर्ला, देवगडकडच्याला मात्र चिपी हवं. कुडाळवाला मधे सापडतो, त्याने तिकिटाचा दर बघून ठरवावं.

घराच्या उंबऱ्यापासून मोजलं तर

आता करंजाहून निघू. एखादं चौघांचं कुटुंब, जायचं कुडाळला.

जुन्या पद्धतीने, म्हणजे सहारच्या विमानतळावरून जायचं तर अटल सेतूवरून पंचावन्न-साठ किलोमीटर. १२ जानेवारी २०२४ ला हा २१.८ किलोमीटरचा पूल खुला झाला म्हणून एवढं तरी. त्याआधी पनवेल किंवा पाम बीचवरून वाशी, चेंबूर असा रस्ता होता आणि त्याच्या वेळेचा भरवसा कुणीच देत नव्हतं. पूल झाला तरी मोटारीला एका बाजूचा २५० रुपये टोल आणि पलीकडे मुंबईची वाहतूक आहेच. दोन तास हातात धरूनच निघावं लागतं. त्यातही विमान चुकेल या धास्तीने लोक अडीच तास धरतात. विमानतळावर दीड तास. हवेतला आणि जमिनीवरचा मिळून तिकिटाचा वेळ एक तास पंचवीस मिनिटं. चिपीला सामान घेऊन बाहेर यायला वीस मिनिटं, कारण छोट्या विमानतळाचं हेच सुख. पुढे कुडाळपर्यंत चाळीस मिनिटं. एकूण सहा तास, कमी नाही.

तेच रेल्वेने? करंजा ते पनवेल स्टेशन तासभर, अर्धा तास आधी पोचणं, वंदे भारतने पनवेल ते कणकवली पाच तासांच्या आत-बाहेर, कणकवलीहून कुडाळ पाऊण तास. सव्वासात तास झाले.

म्हणजे सहारवरून विमानाने गेलं तर वाचतो कसाबसा एक तास किंवा थोडा जास्त. चार तिकिटांचे पैसे, टोल, गाडीभाडं आणि वर मुंबईच्या वाहतुकीचा ताप. या एका तासासाठी उरण-पनवेल पट्ट्यातला माणूस विमानाकडे वळला नाही, यात त्याचं काही चुकलं नाही. "कोकणातले लोक विमानाने येत नाहीत, प्रतिसाद नाही" असं जे म्हटलं जात होतं, त्यात ही बाजू कुणी धरली नव्हती.

आता उलव्याहून मोजा. करंजा ते नवी मुंबई विमानतळ पंचवीसेक किलोमीटर. उरण, जासई, गव्हाण फाटा, उलवे. कंटेनर ट्रेलरची रांग लागली नाही तर पाऊण तास, लागली तर एक तास. विमानतळावर तोच दीड तास. तिकिटावरची एक तास वीस मिनिटं धरू, चिपीला वीस, कुडाळला चाळीस. एकूण चार तास पन्नास मिनिटं. रेल्वेपेक्षा जवळजवळ अडीच तास कमी, सहारपेक्षा तास-सव्वा तास कमी. परतीच्या प्रवासात, मुंबईतून संध्याकाळच्या गर्दीत उरणकडे यायचं असेल, तर बचत दीड तासावर जाते.

आकाशात दोन मिनिटं वाचली, जमिनीवर दीड तास. नवी मुंबई विमानतळाचा करंजा, उरण, पनवेल, पेण, अलिबागला असलेला उपयोग या एका वाक्यात आहे. बाकी टर्मिनल कमळाच्या आकाराचं आहे वगैरे ठीक आहे, बघायला छान.

यात एक पोटप्रश्न पावसाळ्याचा. गणपती येतात तेव्हा कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असतं. गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस धावते आणि तिलाही जास्त वेळ लागतो. महामार्गाचं तर बोलायलाच नको. पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, त्यानंतर किती पालकमंत्र्यांनी "येत्या गणपतीपर्यंत" म्हटलं ते वाचकांनीच आठवावं. म्हणजे ज्या काळात विमानाचा फायदा सर्वांत जास्त, त्याच काळात चिपीवर ढग खाली उतरतात, धावपट्टी दिसेनाशी होते आणि विमान रद्द होतं किंवा परत फिरतं. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे, लांबीची अडचण नाही. अडचण आहे ती कमी उजेडात आणि कमी दृश्यमानतेत विमान उतरवून घेणाऱ्या यंत्रणेची. हा खर्च झाला नाही तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कितीही जवळचं विमानतळ असून उपयोग नाही.

मग विमान आहे कुठे?

इथे हिशोब अडतो. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, प्रवासी विमानं २५ डिसेंबर २०२५ पासून उडू लागली. पहिल्या टप्प्यात जोडली गेली ती दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद, कोची, नागपूर अशी मोठी शहरं, आणि उत्तर गोवा म्हणजे मोपा. सावंतवाडीकराला मोपा मिळालं. मालवण-देवगडच्या माणसाला चिपीचं विमान हवंय.

मुंबई-चिपी सेवा केंद्राच्या उडान योजनेतून सुरू झाली होती. ही योजना नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात अंतर आणि वेळ यांनाच पैशाचं रूप दिलंय. साधारण पाचशे किलोमीटर किंवा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, असा तिचा मूळ हिशोब. विमानातल्या ठरावीक आसनांना ही मर्यादा लागू, आणि कमी-जास्त अंतराला त्याप्रमाणे टप्पे. गंमत अशी की विमानाची दरमर्यादा अंतरावर ठरते, हेलिकॉप्टरची मात्र मिनिटांवर. तोटा होईल तो भरून काढायला कंपनीला सरकार पैसे देतं. त्यातला मोठा वाटा केंद्राचा, साधारण पाचवा हिस्सा राज्याचा. केंद्राचा पैसा येतो तो मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर आकारलेल्या शुल्कातून. म्हणजे मुंबई-दिल्ली जाणारा प्रवासी चिपीच्या प्रवाशाचा थोडा भार उचलतो. पण हे सगळं फक्त तीन वर्षांसाठी. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा ही अपेक्षा.

चिपीची तीन वर्षं ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली आणि मुंबईची सेवा थांबली. याला फक्त प्रवासी नाहीत म्हणून थांबली असं म्हणणं अपुरं आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळावर धावपट्टीचा प्रत्येक मिनिट महाग. सत्तर आसनांचं एटीआर उतरायला आणि एकशेऐंशी आसनांचं जेट उतरायला धावपट्टीचा वेळ जवळपास सारखाच लागतो. मग त्या खिडकीत कुणाला बसवणार? साहजिकच मोठ्याला. छोट्याला मिळते ती दुपारची उरलीसुरली वेळ. साडेअकराच्या विमानाने कुणाचंही एका दिवसाचं काम होत नाही. कोर्टाची तारीख होत नाही, डॉक्टरची भेट होत नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने १९ आसनी विमानाने मुंबई-जळगाव आणि मुंबई-नाशिक सेवा सुरू केली होती. तीही टिकली नाही. मुंबईत सोयीची वेळ न मिळणं हे तिथलंही दुखणं होतंच. वेळ गैरसोयीची म्हणून प्रवासी कमी, प्रवासी कमी म्हणून सेवा बंद, आणि नंतर "प्रतिसाद नव्हता" असा शेरा. या चक्रातून छोटी विमानतळं अजून सुटलेली नाहीत.

नवी मुंबईत हे चक्र तोडायची संधी आहे. तिथे पहिली धावपट्टी ३,७०० मीटरची. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आणि सुरुवातीच्या काळात विमानांची गर्दी कमी. आज तिथे सकाळच्या वेळा शिल्लक आहेत. पाच वर्षांनी नसतील. मोठ्या कंपन्या एकदा येऊन बसल्या की त्या वेळा परत मिळत नाहीत, सहारला हेच झालं. त्यामुळे सकाळी सातच्या आधी नवी मुंबईहून चिपी आणि संध्याकाळी परत, अशी एक जोडी आत्ताच राखून ठेवली गेली तर तिचा काही अर्थ आहे. हे काम विमान कंपनी स्वतःहून करणार नाही. तिला दिल्ली-बंगळुरूत पैसा दिसतो. हे राज्य सरकारने आणि सिडकोने बोलायचं आहे. या विमानतळाच्या कंपनीत सिडकोचा २६ टक्के हिस्सा आहे, उरलेला अदानी समूहाचा. २६ टक्क्यांत एवढं बोलता यायला हवं. सोलापूर-मुंबई विमानासाठी राज्याने स्वतःच्या तिजोरीतून तोटा भरून देण्याचा निर्णय घेतला, म्हणजे हे करता येतं हे सिद्ध झालेलं आहे.

रत्नागिरीचंही नाव इथे घ्यायला हवं. नवी मुंबईहून सरळ रेषेत २२० किलोमीटर, तिथली धावपट्टी तटरक्षक दलाच्या ताब्यात. एवढ्या कमी अंतरावर विमानाचा फायदा आणखी घटतो, कारण जमिनीवरचे अडीच-तीन तास तेवढेच राहतात आणि रेल्वे मात्र लवकर पोचते. वंदे भारत पनवेलहून रत्नागिरीला जेवढ्या वेळात नेते, तेवढ्यात विमानाचा प्रवासी करंजाहून निघून रत्नागिरी विमानतळाच्या दारात येईल. बरोबरी झाली, आणि तिकीट महाग. नवी मुंबई-पुणे तर सरळ रेषेत शंभर किलोमीटर. त्याचं विमान हा विनोद ठरेल. विमान नेमकं कुठे उपयोगी पडतं याचा ढोबळ ठोकताळा आपल्या भागासाठी असा निघतो : रेल्वेने पाच तासांच्या आत पोचता येत असेल तर विमानाच्या नादाला लागू नये. त्यापुढे चिपी, कोल्हापूर, नांदेड ही ठिकाणं विचारात घ्यावी. कोल्हापूर सरळ रेषेत जेमतेम २९० किलोमीटर आहे, पण रेल्वेने रात्र जाते.

खाडीपलीकडचे

या हिशोबात सर्वांत मोठा फरक पडणार आहे तो करंजाच्या नव्हे, रेवसच्या बाजूला. अलिबागचा माणूस आज विमानतळावर येतो तो पोयनाड, वडखळ, पेण, पनवेल असा. वडखळच्या नाक्यावर शनिवार-रविवारी काय होतं ते सांगायला नको. लाँचने करंजाला उतरायचं तर सामान डोक्यावर, पुढे रिक्षा किंवा इको शोधायची. रेवस-करंजा पुलाचं स्वप्न बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनचं, रेवस ते रेडी सागरी महामार्गाचा तो पहिलाच दुवा. राज्य रस्ते विकास महामंडळाकडे हे काम आहे. तो पूल उभा राहिला की रेवस ते विमानतळ हा प्रवास तासाभरात आला पाहिजे. आवास, मांडवा, सासवणे, चोंढी हा सगळा भाग करंजाच्या वाटेने विमानाला येईल. आणि करंजाच्या अरुंद रस्त्यावरून, उरणच्या चारफाट्यावरून ही वाहनं जाणार आहेत, याचाही विचार आत्ताच झाला तर बरं. पूल होतो आणि पुलाच्या टोकाला गाव तुंबतं, हे आपल्याकडे नवीन नाही.

पैशाची दुसरी बाजू रिक्षा-गाडीच्या भाड्याची. विमानाचं तिकीट अडीच-तीन हजारात मिळालं आणि विमानतळावर जायला खासगी गाडीने हजार-बाराशे घेतले तर स्वस्त विमानाला काय अर्थ राहिला? नेरूळ-बेलापूर-उरण रेल्वे १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत आली. या मार्गावरचं तरघर स्थानक विमानतळाला सर्वांत जवळचं. उरणहून लोकलने दहा-पंधरा रुपयांत तिथपर्यंत जाता येतं. पण करंजा ते उरण स्टेशन आणि तरघर ते टर्मिनल हे दोन तुकडे ज्याचे त्याने जुळवायचे. पहाटे सहाच्या विमानाला साडेचारला टर्मिनलवर हजर राहायचं तर त्या वेळी ना लोकल, ना एसटी, ना एनएमएमटीची बस. विमान कंपन्यांचे काउंटर देशांतर्गत उड्डाणाला तासभर आधी बंद होतात, तिथे कुणी "ट्रेलर आडवा होता" हे ऐकून घेत नाही.

या विमानतळासाठी ज्या दहा गावठाणांनी घरं सोडली, त्यांत तरघर, कोंबडभुजे, उलवे, गणेशपुरी, वाघिवली, चिंचपाडा, कोल्ही, कोपर ही नावं आहेत. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, त्यातून साडेबारा टक्क्यांचा हक्क मिळाला. दि. बा. पाटलांच्या नावासाठी २०२१ मध्ये याच पट्ट्यातले लोक रस्त्यावर उतरले. नावाची मागणी रास्तच. तिच्या जोडीने वेळापत्रकाचीही मागणी लावून धरायला हवी, कारण नाव पाटीवर लागतं आणि विमान वेळापत्रकात लागतं.

उरण-पनवेलच्या लोकप्रतिनिधींना विचारायचे प्रश्न त्यामुळे अगदी साधे आहेत. चिपीच्या विमानासाठी सकाळची वेळ कुणी मागितली का? तीन वर्षांनंतरही मदत चालू राहील याची तजवीज राज्याने केली का? पहाटे साडेतीनला उरण चारफाट्यावरून विमानतळाची एक बस सुटेल का, आणि ती करंजाच्या धक्क्यापासून निघेल का? सिंधुदुर्गच्या लोकप्रतिनिधींनी चिपीच्या यंत्रणेचा प्रश्न लावून धरायचा आहे, तो त्यांचा वाटा.

तोपर्यंत ज्यांना या गणपतीला गावी जायचंय, त्यांनी तिकीट काढताना तिकिटावरच्या वेळेत साडेतीन तास मिळवून बघावेत. एक तास घरापासून विमानतळ, दीड तास आत, एक तास पलीकडे. आलेल्या आकड्याची तुलना पनवेलच्या गाडीशी करावी. सावंतवाडीच्या खालच्या अंगाला घर असेल तर मोपाचं विमान बघावं आणि मोपाहून पुढची गाडी आधीच ठरवावी, कारण रात्री उतरल्यावर सीमेपलीकडे यायला टॅक्सीवाला जे मागेल ते द्यावं लागतं. मालवण-देवगडवाल्यांनी चिपीचं वेळापत्रक बघावं, पण हातात रेल्वेचं तिकीटही ठेवावं. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात.